ऐसपैस मास्तरांचे घट्ट मोजे

मास्तरांचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत रंगवलेलं होतं, पण पाटी वाचतो कोण? सगळी गल्ली त्यांना 'ऐसपैस मास्तर' म्हणूनच ओळखायची. त्यांनी शिवलेल्या पँटमध्ये माणूस खरोखरच ऐसपैस बसायचा. पोटभर जेवलं तरी पट्टा सैल करावा लागायचा नाही, आणि चारचौघांत खाली वाकलं तरी मागून 'टर्र' असा आवाज यायची धास्ती नव्हती. "कापडानं अंगाला लागावं, चावू नये," हे मास्तरांचं ब्रीद. एखादं तरणंताठं गिऱ्हाईक आरशात वळूनवळून बघत म्हणालं, "मास्तर, जरा ढगळ वाटतंय," तर मास्तर तोंडातली टाचणी काढून शांतपणे म्हणायचे, "आत्ता वाटतंय. लग्न झालं की बरोबर बसेल."

आणि बसायचीही.

मास्तरांचा उभा जन्म कटिंगच्या टेबलापाशी उभ्यानंच गेला होता. त्याचं फळ त्यांच्या डाव्या पोटरीवर उमटलं. शिरा अशा फुगल्या होत्या, की कातडीखाली कुणीतरी जाड सुतळी वेडीवाकडी टाचून ठेवलीय असं वाटावं. संध्याकाळ झाली की घोटा सुजायचा, पाय शिसं ओतल्यासारखा जड व्हायचा. मास्तरांनी यावर आपल्या परीनं इलाज केला. त्यांनी स्वतःच्या पँटचा डावा बॉटम थोडा वाढवला. सूज वाढली तसा आणखी थोडा वाढवला.

एक दिवस बायको इस्त्री करायला बसली आणि पँट हातात धरून बघतच राहिली.

"अहो, हे काय? एक पाय पँटचा आणि एक पाय तंबूचा?"

मास्तर म्हणाले, "नवी फॅशन आहे."

"फॅशन म्हणे! पाय दाखवा इकडे."

पाय बघितल्यावर तिनं इस्त्री बंद केली, चप्पल घातली आणि नवऱ्याला दवाखान्यात घेऊन गेली.

डॉक्टर तरुण होते आणि बोलायला भारी घाईचे. "शिरांच्या आत बारीक झडपा असतात. वर गेलेलं रक्त त्या खाली येऊ देत नाहीत. तुमच्या झडपा ढिल्या पडल्यात. रक्त पायातच साचतं. म्हणून दोन्ही पायांत दाबाचे मोजे वापरायचे. सकाळी अंथरुणातून उतरायच्या आधी घालायचे, रात्री झोपताना काढायचे. रोज, चुकवायचं नाही. नाहीतर घोट्यापाशी कातडी काळी पडत जाईल, मग जखम होईल, आणि ती जखम भरता भरायची नाही."

झडपा ढिल्या आहेत यात एवढं काय बिघडलं, हे काही मास्तरांना कळलं नाही. ढिलेपणानं कुणाचं वाईट झाल्याचं त्यांनी तरी आजवर बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, सूज चढायच्या आत, माप द्यायला जायचं होतं. दवाखान्यातली सिस्टर टेप घेऊन खाली बसली. बाई पोक्त, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. तिनं घोट्याचं माप घेतलं, पोटरीचं घेतलं, गुडघ्याखालपर्यंतची उंची घेतली. मास्तर वरून बारीक नजरेनं बघत होते. आयुष्यात पहिल्यांदाच टेप दुसऱ्याच्या हातात होती आणि टेपच्या आतला माणूस ते होते.

"सिस्टर, मार्जिन किती धरलंत?"

"मार्जिन?"

"म्हणजे सैल किती सोडलंत?"

"सैल नाहीच सोडायचं. उलट पायापेक्षा मोजा लहानच असतो. घोट्याशी सगळ्यात घट्ट, वर जाईल तसा दाब थोडा कमी."

"सिस्टर, तुम्ही सगळं उलटं सांगताय."

"सुलटंच सांगतेय," असं म्हणून सिस्टर टेप गुंडाळत निघून गेली. मास्तर बायकोला म्हणाले, "हिच्या हातचा ब्लाऊज कुणी घालत असेल, तर त्या बाईची मला दया येते."

मोजे आले. पहिल्या सकाळी मास्तर पलंगाच्या काठावर बसले आणि बायकोनं डबी उघडली. मोजा एवढासा होता. बायको म्हणाली, "चुकून एखाद्या पोराचा दिलाय का?"

मग झटापट सुरू झाली. बोटं आत गेली, टाच अडली. बायको ओढू लागली तसे मास्तर पलंगावरून पुढं घसरू लागले. त्यांनी मागची कड घट्ट धरली.

"अगं, हळू! पाय माझा आहे, विहिरीचा दोर नाही!"

"तुम्ही अंग सैल सोडू नका हो! जन्मभर सगळं सैलच सोडत आलात."

शेवटी बायकोनं पलंगाला पाय लावून असा हिसका दिला, की मोजा गुडघ्यापर्यंत चढला आणि ती स्वतः कपाटावर जाऊन आदळली. दोघंही धापा टाकत होते. अजून दुसरा पाय शिल्लक होता.

दुकानात मास्तरांचं कामात लक्ष लागेना. दोन्ही पाय कुणीतरी मुठीत धरून ठेवलेत असं वाटत होतं. कॉलर कापायला घेतली आणि कफ कापून ठेवला. मोजे काढून फेकून द्यावेत तर तीही सोय नव्हती, कारण दुपारी बायको काजं करायला दुकानात येऊन बसायची आणि आल्याआल्या आधी नवऱ्याच्या पोटरीवर बोट दाबून बघायची, जणू फळवाल्याकडं फळ निवडतेय.

असे काही दिवस गेले. मग एका दिवशी बायको बहिणीकडं गेली. मास्तरांनी दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं, मोजे टेबलावर पसरले आणि बराच वेळ त्यांच्याकडं बघत उभे राहिले. कारखान्यात मशीननं असे हजारो मोजे विणले असतील. त्या मशीनला आपल्या पोटरीची काय कल्पना? चांगल्या टेलरनं चुकलेलं माप दुरुस्तच केलं पाहिजे. त्यांनी कात्री उचलली. मागच्या बाजूनं मोजा उभा कापला, कडा ओव्हरलॉक केल्या आणि जुन्या मऊ बनियनच्या कापडाची एक लांब पट्टी, टेलर कळी म्हणतात ती, मध्ये बसवली. रंग मोज्याला जुळता निवडला. शिवण अशी सपाट बसवली की बोट फिरवलं तरी लागू नये. मग मोजा पायात घातला. पाऊल सर्रकन आत गेलं. पोटरीनं मोकळा श्वास घेतला. मास्तरांच्या डोळ्यांत पाणीच यायचं बाकी राहिलं.

दुसऱ्या सकाळी बायको पदर खोचून पलंगापाशी आली, तर मास्तर दोन्ही मोजे घालून तयार!

"अगबाई! एकट्यानं घातलेत?"

"सवयीनं सगळं होतं," मास्तर म्हणाले. "मनावर घ्यावं लागतं."

बायकोनं बोट दाबून बघितलं, पण मोजा बाहेरून अगदी जसाच्या तसा दिसत होता आणि नवऱ्याचं कौतुक करायची संधी तिला तशीही फार मिळत नसे. शेजारच्या चारही बायकांना तिनं सांगितलं, "आमच्या ह्यांनी एकदा मनावर घेतलं की घेतलंच!" मास्तरांनी हे कौतुक ऐकलं. त्यात आपलं काही चुकतंय असं त्यांना मुळीच वाटलं नाही. मोजे रोज घालायला सांगितले होते, ते रोज घालत होते.

पुढच्या तपासणीला ते एकटेच गेले. बाहेरच्या बाकावर दोघंजण आधीच बसले होते. एक निवृत्त हेडबाई. आयुष्यभर फळ्यापुढं उभ्या राहिलेल्या, आणि अजूनही चार माणसं दिसली की शाळा भरल्यासारख्या बोलायच्या. दुसरा चौकातला ट्रॅफिक हवालदार, ज्याची नोकरीच उभं राहण्याची.

हवालदार सांगत होता, "चोराला बेड्या घालणं सोपं आहे हो. या मोज्यात पाय घालणं नाही. दोनदा तर ड्यूटीला उशीर झाला."

हेडबाई म्हणाल्या, "मी तर परवा मोज्याला सरळ वर्गाबाहेर काढलं. दाराबाहेर ठेवून दिला. म्हटलं, अक्कल आली की आत ये."

मास्तर पुढं सरकले. आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "चावतो ना?"

दोघांनी एकदम माना हलवल्या. मास्तरांनी इकडं तिकडं बघितलं, पँट थोडी वर केली आणि मागची कळी दाखवली. हेडबाईंनी चष्मा लावून ती नीट बघितली. त्यांचा चेहरा पेपरात पूर्ण बरोबर उत्तर सापडल्यासारखा झाला.

"कुणी केलं हे?"

"आपणच," मास्तर म्हणाले.

"पण डॉक्टरांना चालेल का?"

"डॉक्टर औषधातले, बाई. शिवणकामातलं त्यांना काय कळणार?"

डॉक्टरांनी त्या दिवशी घाईघाईत विचारलं, "मोजे घालता ना रोज?" मास्तरांनी छातीवर हात ठेवून "रोज" म्हणून सांगितलं. सूज होती तशीच होती. डॉक्टर म्हणाले, "बघू, वेळ लागतो."

त्याच आठवड्यात हेडबाई आणि हवालदार आपापले मोजे पिशवीत घालून दुकानात आले. मास्तरांनी दोघांनाही कळ्या बसवून दिल्या. दुकानातून बाहेर पडताना हवालदारानं त्यांना असा सलाम ठोकला, की समोरच्या दुकानदाराला वाटलं मास्तरांवर धाड पडली.

नंतरची तपासणी तिघांनाही एकाच सकाळची मिळाली. यावेळी मास्तरांची बायको बरोबर होती, कारण नवरा रोज न चुकता मोजे घालत असताना पाय का उतरत नाही हे तिला स्वतः डॉक्टरांना विचारायचं होतं. आतल्या खोलीत तीन पलंग होते आणि मध्ये पडदे. पहिल्यावर हेडबाई, मधल्यावर हवालदार, शेवटच्यावर मास्तर. बायको स्टुलावर.

डॉक्टर पहिल्या पलंगापासून सुरू झाले. पडद्यापलीकडचं सगळं स्वच्छ ऐकू येत होतं.

"बाई, मोजे रोज घालता?"

"मी चाळीस वर्षं शाळेत शिस्त लावलीय. खोटं बोलेन का?"

दुसऱ्या पलंगावर तोच प्रश्न.

"रोज घालतो साहेब. शपथेवर."

"मग हे असं कसं होतंय?" डॉक्टरांचा आवाज चढला. "घोटे तर फुगलेलेच आहेत! मालच खराब आलाय बहुतेक. सिस्टर, पुरवठादाराला फोन लावा. एकेकाला सरळ करतो."

पण सिस्टर तेव्हा हेडबाईंच्या पायातला मोजा काढत होती, आणि मोजा इतक्या गुणानं, इतक्या सहज निघून आला की तिचा हात तिथंच थांबला. तिनं मोजा उलटा केला. मग मधल्या पलंगाकडं जाऊन हवालदाराचा मोजा ओढला. तोही मुकाट हातात आला.

"डॉक्टर, फोन नका लावू," ती म्हणाली. "माल चांगला आहे. कुणीतरी कापून मध्ये पट्टी घातलीय. दोघांच्याही."

शेवटच्या पलंगावर मास्तर छताकडं बघत होते. बायको त्यांच्याकडं बघत होती.

"कुणी केलं हे, बाई?" डॉक्टरांनी विचारलं.

"मी चुगली करणार नाही," हेडबाई म्हणाल्या. "वर्गात चुगली करणाऱ्यांचा मला आयुष्यभर राग."

"हवालदार?"

"तपास चालू आहे साहेब."

डॉक्टरांचं डोकं फिरलं. "पोती शिवणारा कुणीतरी गाठलेला दिसतोय तुम्ही! काय हे काम? कुठंतरी फाडायचं आणि वेडेवाकडे टाके मारून..."

पडदा खसकन बाजूला झाला. मास्तर उभे होते. पँटची एक बाजू गुडघ्यापर्यंत गुंडाळलेली, एक पाय अनवाणी.

"वेडेवाकडे? कुठं वेडेवाकडे? दाखवा मला! एक टाका, एक टाका जरी वाकडा निघाला, तर उद्यापासून कात्री हातात धरणार नाही!"

एवढं बोलल्यावर आपण काय बोललो हे त्यांच्या लक्षात आलं. पण शब्द तोंडातून सुटले होते. हवालदारानं कपाळावर हात मारला. "संपला तपास," तो पुटपुटला.

सिस्टरनं मोजा दिव्याखाली धरला, शिवणीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "टाका मात्र सरळ आहे हो, डॉक्टर." मग ती मास्तरांकडं वळली. "बसा खाली. मला एक सांगा, पँट शिवता ती कुणाच्या मनासारखी शिवता?"

"गिऱ्हाइकाच्या," मास्तर म्हणाले. आवाज आता बराच उतरला होता.

"बरोबर. मग या मोज्याचं गिऱ्हाईक कोण?"

"आम्हीच की."

"नाही. गिऱ्हाईक तुमची शीर आहे. तिला घट्ट पाहिजे. तुम्हाला आवडतं म्हणून तुम्ही सैल केलंत, म्हणजे गिऱ्हाइकाला न विचारता माप बदललंत."

उभ्या आयुष्यात मास्तरांवर हा आरोप कधी कुणी केला नव्हता.

सिस्टरनं त्यांना हेडबाईंच्या पलंगापाशी नेलं आणि घोट्याच्या आतल्या बाजूला बोट दाखवलं. तिथं कातडी तपकिरी काळपट झाली होती, कागदासारखी पातळ आणि चकचकीत दिसत होती. "मागच्या खेपेला हा डाग एवढा नव्हता," सिस्टर म्हणाली. तिनं आवाज चढवला नाही. हेडबाई खिडकीकडं बघत राहिल्या.

मास्तरांनी आजवर हजारो पायांची मापं घेतली होती, पण पाय म्हणून एकही कधी बघितला नव्हता. "बाई," ते म्हणाले, "चुकलं माझं."

"मीही विचारायला हवं होतं डॉक्टरांना," हेडबाई म्हणाल्या. "सोपं उत्तर मिळालं की मोठी माणसंही कॉपी करतात."

घरी आल्यावर कुलूप उघडताना बायको म्हणाली, "चार घरी सांगून आलेय मी, आमच्या ह्यांनी मनावर घेतलं म्हणून. आता त्याच चार घरी तुम्ही जा आणि काय ते सांगा." आणि मास्तर खरंच गेले. तिसऱ्या घरापर्यंत पोचेतो ती हकीगत सांगण्यात त्यांना थोडी मजाही वाटू लागली होती, तेव्हा बायकोनं आपल्या दारातूनच खोकून त्यांना जमिनीवर आणलं.

नवे मोजे आले तेव्हा सिस्टरनं तिघांनाही बसवून घालायला शिकवलं. हातात रबराचे मोजे चढवायचे, म्हणजे पकड मिळते. पायातला मोजा टाचेपर्यंत उलटा करायचा. आधी पाऊल नीट बसवायचं, टाच टाचेच्या जागी आणायची, आणि मग तळव्यांनी थोडा थोडा वर सारत न्यायचा. "वरची कड धरून ओढायचं नाही," ती म्हणाली. "चढवायचं." बायको हे ऐकून म्हणाली, "म्हणजे कपाटावर आपटायची गरजच नव्हती."

पाय काही एका दिवसात उतरला नाही. आणि मोजे आवडू लागले असंही नाही. मास्तर रोज सकाळी कुरकुरायचे, रोज घालायचे. कुरकुरण्याला बायकोनं हरकत घेतली नाही. शिवाय आता पहारा वाढला होता. ज्यांना मास्तरांनी वाट चुकवली होती, तेच त्यांचे निरीक्षक झाले. सकाळी फिरायला निघालेल्या हेडबाई दुकानाच्या पायरीपाशी थांबायच्या आणि गिऱ्हाईक असो नसो, छत्रीच्या टोकानं मास्तरांच्या पँटचा बॉटम वर उचलून बघायच्या. "हं, ठीक," म्हणायच्या आणि पुढं जायच्या. एकदा कोटाची ट्रायल द्यायला आलेला नवरदेव हे बघून इतका गांगरला, की त्यानं न सांगता स्वतःचाही पाय पुढं केला.

हवालदाराची पद्धत वेगळी होती. मास्तर चौकातून रस्ता ओलांडायला लागले की तो हात वर करून चारी बाजूंची गाड्यांची रांग थांबवायचा. मग आपली पँट वर करून मोजा दाखवायचा. मास्तरांनी भर रस्त्यात, पट्ट्यांच्या मधोमध उभं राहून आपलीही पँट वर करून दाखवायची. दोघांची खात्री पटली की शिट्टी वाजायची आणि गाड्या सुटायच्या. सुरुवातीला लोक हॉर्न वाजवायचे. नंतर नंतर एकदोन रोजचे स्कूटरवाले स्वतःहूनच विचारू लागले, "आहेत ना मास्तर?"

हिवाळा सरत आला तेव्हा मास्तरांची पोटरी टेपमध्ये थोडी उतरलेली दिसली. शिरा होत्या तशाच होत्या, त्या कुठं जाणार? पण संध्याकाळचा जडपणा गेला होता. हेडबाईंचा डाग वाढायचा थांबला होता. सिस्टरनं तो निरखून बघितला आणि म्हणाली, "जखम टळली असं समजा." ते ऐकून मास्तर बाहेरच्या बाकावर येऊन बसले आणि त्यांनी पाय पुढं लांबवले. हवालदारानं विचारलं, "काय झालं हो?" तर म्हणाले, "काही नाही. जरा पाय मोकळा करतोय," आणि मग स्वतःच हसले, कारण पाय तर मोज्यात गच्च बसलेला होता.

त्या दिवशी दुकान बंद करून दोघं घरी आले. बायको पिशवी घेऊन जिन्यात पुढं होती. मधल्या वळणावर ती सवयीनं थांबली, नवरा जड झालेल्या पायांना विसावा द्यायला थांबेल म्हणून. मास्तर तिच्या बाजूनं निघून वर गेले आणि दारापाशी उभे राहून म्हणाले, "किल्ली तुझ्याकडं आहे ना? लवकर ये की."

जेवण झालं. झोपायच्या आधी मास्तरांनी पलंगावर बसून मोजे काढले. विणीचे बारीक वळ पोटरीवर उमटले होते. मास्तरांनी डोळे मिटले आणि दोन्ही हातांनी डावी पोटरी करकरा खाजवायला सुरुवात केली. तोंडातून 'आहाहा' निघत होतं.

"खाजवू नका हो! कातडीला जपायला सांगितलंय. हे क्रीम लावा," बायको म्हणाली आणि ट्यूब पुढं केली.

"लावतो गं," मास्तर डोळे न उघडता म्हणाले. "आधी उजवा पाय तेवढा राहिलाय."